अल्टेरा आणि किंग्सली

ताराचंद येईल असं घरात कोणालाच वाटत नव्हतं. त्याच्या बहिणीला, कौशल्येला मात्र वाटत होतं, पण ते तिनं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. आसगावहून ती आदल्या दिवशीच माहेरी, मोहाडीला आली होती. सकाळी उठल्या उठल्या शाल गुंडाळून ती घरच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. पौषातलं धुकं तलावावरून उठून गल्लीत शिरलं होतं. समोरची पिठाची चक्की, तिच्यापलीकडचं बाजाराचं मैदान, कडुलिंबाची झाडं, सगळं जागच्या जागी असून नसल्यासारखं झालं होतं. त्या पांढऱ्यातून कोणी येऊ लागलं की आधी नुसता काळसर डाग दिसे, मग त्याला हातपाय फुटत, आणि अगदी जवळ आल्यावर चेहरा.

बाबांच्या अंधाऱ्या खोलीत थाळीतल्या पाण्याखाली असंच व्हायचं. तांबड्या दिव्याच्या उजेडात कोरा कागद पडलेला असायचा आणि बघता बघता त्यावर आधी केस उमटायचे, मग भुवया, मग रोखून बघणारे डोळे. लहानगी कौशल्या थाळी हलवत उभी राहायची. "घाई नको करू बाई," बाबा म्हणायचे, "येऊन राहिला तो माणूस. येऊ दे त्याले."

"कौशल्याबाई, आत या न. थंडीत काहून बसल्या?" सुमनवहिनी दारात आल्या. त्यांच्या हाताला लाखोरीच्या डाळीचं वाटण लागलेलं होतं. "तो काही येत नाई. त्याची पोरगी बिचारी कितीही सांगो."

"येईल वहिनी."

"आला तर या घरात सण होईल," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. पण वडे त्यांनी जास्तीचेच घातले होते, हे कौशल्येनं पाहिलं होतं.

सगळ्यांना एकत्र बोलावलं होतं मधुकररावांनी, थोरल्या भावानं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. कडेकडेनं अंधार आत सरकत चालला होता आणि मध्ये एक लहानसं गोल तेवढं उरलं होतं. त्या गोलातून ते जग बघत. भात वाढला तर त्यांना भात दिसे, पानाच्या कडेची चटणी दिसत नसे. हेही गोल मिटायच्या आत तिघा भावंडांचा एक फोटो व्हावा, आणि तो बाबांच्या कॅमेऱ्यानंच व्हावा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. "मोबाइलवर काढतो न बाबा, एका मिनिटाचं काम आहे," असं त्यांच्या मुलानं, चंदननं सांगून पाहिलं. स्टुडिओ आता चंदनच चालवत होता. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स, मोबाइलची कव्हरं. मधुकररावांनी मात्र नागपूरला फोन लावला तो कामिनीला.

कामिनी ताराचंदची लेक. नागपुरात ती लग्नाचे फोटो काढायची आणि हौसेनं रिळाचे जुने कॅमेरे उघडून दुरुस्त करायची. मोठेबाबांच्या, म्हणजे मधुकररावांच्या, कॅमेऱ्याचं शटर अडकलंय म्हटल्यावर ती म्हणाली, "याचे पार्ट आता कुठीच भेटत नाईत मोठेबाबा. पण माह्या बाबांचा कॅमेरा आहे न. त्याच्यातून काहीतरी करता येईल. बाबांनी दिला तर."

बाबांनी दिला तर. तिथंच सगळं अडलेलं होतं.

तिघा भावंडांच्या वडिलांनी, मूळच्या विणकर माणसानं, माग सोडून स्टुडिओ टाकला तेव्हा पहिला कॅमेरा नागपूरच्या दुकानातून आणला होता. पोटाशी धरून वरून खाली बघायचा, दोन डोळ्यांचा कॅमेरा; वरच्या डोळ्यानं बघायचं, खालच्यानं फोटो निघायचा. त्याच्या कपाळावर रुपेरी अक्षरांत अल्टेरा असं नाव होतं. पुढं काही वर्षांनी खाणीवरचा एक साहेब बदली होऊन निघाला, त्याच्याकडून तसाच दुसरा घेतला. त्याच्या कपाळावर लाल पट्टी आणि पट्टीवर किंग्सली. मुलं हाताशी आली तशी बाबांनी अल्टेरा थोरल्याला दिला आणि किंग्सली धाकट्याला. "दोन्ही एकच आहेत रे," ते म्हणाले होते. पण नागपूरच्या दुकानदारानं कधीतरी किंग्सलीकडं बघून नाक मुरडलं होतं, "हा तर डुप्लिकेट दिसते," आणि तो शब्द घरात येऊन बसला होता. बाबा धाकट्याची समजूत घालतायत, एवढंच सगळ्यांना वाटलं.

मग ताराचंदनं शहापूरला, हायवेवर, स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथल्याच एका मोठ्या घरच्या लग्नाचे त्याचे फोटो हलले, सगळेच्या सगळे. मुलीकडची माणसं भांडायला उठली तेव्हा मधुकररावांनी मध्ये पडून भावाची बाजू घेतली. चारचौघांत म्हणाले, "त्याचा काय दोष? कॅमेराच डुप्लिकेट आहे त्याच्यापाशी." त्यांना भावाला सोडवायचं होतं. ताराचंद मात्र त्या दिवसापासून मोहाडीला आला नव्हता. आईच्या वेळी आला, तेही स्मशानातून परत फिरला.

धुक्यात एक डाग उभा राहिला, त्याचे दोन झाले. एक उंच, खांद्याला पिशवी लावलेला, भराभर चालणारा. दुसरा बुटका, मान खाली घालून मागं मागं राहणारा. कौशल्या उठून उभी राहिली. चेहरा यायच्या आधीच तिनं ओळखलं. बाबांसारखाच तो डावा खांदा पाडून चालत होता.

"आत्या!" कामिनी पुढं झाली.

"ये माय." तिच्या डोक्यावरून हात फिरवताना कौशल्येची नजर मागंच होती. "ये न ताराचंद. पायरी तुहीच आहे."

"मी बसाले नाई आलो," ताराचंद म्हणाला. छातीशी त्यानं कातड्याची पेटी धरली होती. "पोरीनं जीव खाल्ला म्हणून आलो. काम झालं का जातो."

"चहा तर पिशील?"

त्यानं नाही म्हटलं नाही.

आत मधुकरराव काउंटरमागच्या खुर्चीत बसले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. शोधत शोधत त्यांच्या नजरेचं ते लहानसं गोल भावाच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं. मग मधुकरराव म्हणाले, "केस पांढरे झाले बे तुहे."

ताराचंदनं बहिणीकडं पाहिलं. "त्याले सांग, त्याचे तर उरलेही नाईत."

सुमनवहिनी हसल्या, कौशल्या हसली, चंदनलाही हसू आलं. दोघे भाऊ तेवढे हसले नाहीत.

वडे आणि चहा झाल्यावर काउंटरवर जुनी चादर अंथरून कामिनीनं दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवले. धुक्याचा मऊ उजेड दारातून आत येत होता आणि त्या उजेडात दोघांची भिंगं तलावाच्या पाण्यासारखी काळी, खोल दिसत होती. कौशल्या जवळ सरकली. इतक्या वर्षांत तिनं त्यांना असं शेजारी कधी पाहिलंच नव्हतं. एक या घरात होता, एक त्या घरात.

कामिनीनं बारीक पेचकस काढला. आधी अल्टेराच्या कपाळावरची पट्टी निघाली, मग किंग्सलीची. मग समोरचं कातडं हलकेच सोललं गेलं. ती नुसती एकदा इकडं आणि एकदा तिकडं बघत होती. शेवटी तिनं दोन्ही कॅमेऱ्यांची मागची झाकणं उघडली, मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि म्हणाली, "आत्या, इकडे ये. हे पाह्य."

आत, काळ्या रंगाच्या कोपऱ्यात, धातूतच उठवलेली एक खूण होती. त्रिकोणात एक लहानसा मासा.

"आता याच्यात पाह्य."

किंग्सलीच्याही पोटात, त्याच कोपऱ्यात, तोच त्रिकोण आणि तोच मासा होता.

"मले वाटलंच होतं," कामिनी म्हणाली. "हे एकाच कारखान्यात बनले. त्या काळी जपानात असे लय कारखाने होते. स्वतःच्या नावानं विकतच नव्हते. वेगवेगळ्या देशांतले व्यापारी माल मागवायचे आणि ज्याची त्याची पट्टी लावून घ्यायचे. एकानं अल्टेरा लावली, दुसऱ्यानं किंग्सली. भिंग तेच, शटर तेच, पेचसुद्धा तेच."

"म्हणजे आपला अल्टेरा ओरिजिनल नाई?" चंदननं विचारलं. तो कॅमेरा दुकानात काचेच्या कपाटात ठेवून वर दिवा लावायचा त्याचा बेत होता.

"ओरिजिनल आहे न. दोन्ही ओरिजिनल आहेत."

"असं कसं? एक तर कोणीतरी कोणाची नक्कल केली असंन."

"नाई रे दादा. नक्कल कोणीच नाई."

कौशल्येला हे समजायला वेळ लागला नाही. बाबा मागावर होते तेव्हा कोशाच्या रेशमी साड्यांचा गठ्ठा नागपूरला जायचा. तिथल्या दोन पेढ्या त्यावर आपापला शिक्का मारायच्या आणि एका पेढीच्या साडीला बायका दुसरीपेक्षा चांगली म्हणायच्या. आई मागाशी बसून हसायची. दोन्ही साड्यांचा धोटा तिच्याच हातून गेलेला असायचा.

"बाबा म्हणतच होते," कौशल्या हळूच म्हणाली. "दोन्ही एकच आहेत म्हणून."

मधुकररावांनी हात पुढं करून दोन्ही कॅमेऱ्यांवरून बोटं फिरवली, डोळे मिटून. पट्ट्या निघाल्या होत्या. बोटांना आता कोणता कोणता ते कळत नव्हतं. त्यांचा हात एकावर थांबला, दुसऱ्यावर गेला, पुन्हा पहिल्यावर आला.

"आजच कायले सांगाचं होतं हे पोरी?" सुमनवहिनींचा आवाज चिरका झाला. "या गावात पोरीचं लग्न ठरलं का लोक म्हणत, फोटो अल्टेराचाच पाहिजे. त्या कॅमेऱ्याचं नाव होतं. यांचं नाव होतं."

"काकांच्या कॅमेऱ्याले बरोबरीत आणाचं होतं तिले," चंदन म्हणाला. "दुसरं काय!"

"चंदन!" मधुकररावांनी आवाज चढवला. पण तोवर ताराचंद उठला होता. कामिनीला वाटलं होतं, बाबांना बरं वाटेल. सगळ्यांनाच तसं वाटलं असतं. ताराचंदचा चेहरा मात्र कोणी काहीतरी हातातून ओढून घ्यावं तसा झाला होता. पेटी तिथंच टाकून तो दाराबाहेर पडला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

कामिनी त्याच्यामागं निघाली. कौशल्येनं तिचा हात धरला. "तू थांब. मी जातो."

तलावाच्या बांधावर, पाळीवर, धुकं विरळ होऊ लागलं होतं. पाण्याच्या मधोमध बदकांचा थवा तरंगत होता, पण पाणी आणि हवा यांची सीमाच दिसत नसल्यानं ते पांढऱ्यात अधांतरी टांगल्यासारखे वाटत होते. ताराचंद दगडावर बसला होता. कौशल्या त्याच्या शेजारी बसली. लहानपणी दोघं इथं शिंगाडे खात बसायचे. तिला क्षणभर वाटलं, मागं वळून पाहिलं तर बाबा सायकल धरून उभे असतील.

"शहापूरच्या त्या लग्नातले फोटो आठवतात तुले?" ताराचंदनं विचारलं.

"आठवतात."

"माहा हात हालला होता. दिवसभराचा उपाशी होतो, घाबरलो होतो. एवढं मोठं घर. पण दादा म्हणाला, कॅमेरा डुप्लिकेट आहे. मले राग आला त्याचा. लय राग आला. पण कौशल्या, शब्द मी त्याचाच धरून बसलो. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, का म्हणे कॅमेरा डुप्लिकेट. फोटो साधा आला, का म्हणे डुप्लिकेट. दादाचं नाव झालं, तर त्याच्यापाशी अल्टेरा होता." तो पाण्याकडं बघत राहिला. "आता काय म्हणू मी?"

बदकं हळूहळू सरकत होती.

"तुम्ही दोघं भांडले न, तवा मले तुमचा हेवा वाटे," ती म्हणाली.

"हेवा? कशाचा?"

"भांडाले तरी तुमच्यापाशी कॅमेरा होता."

ताराचंदनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. जणू ती आत्ताच धुक्यातून बाहेर आली होती.

"थाळ्या मी हलवत होती," कौशल्या म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आठवण काढावी तसं ती बोलत होती. "फोटो मी धूत होती, दोरीवर मी वाळवत होती. बाबा कॅमेरा उघडून मले वरून पाहू देत. त्या दुधी काचेत सगळं उलटं जाते न? डावीकडून माणूस चालला का काचेत उजवीकडून येते. मले वाटे, तिथं आत दुसरंच गाव आहे. मग मी मोठी झाली, लग्न झालं. कॅमेरे तुम्हाले भेटले."

"तुले पाहिजे होता?"

"कोणी इचारलं?"

ताराचंद उठला, धोतराला लागलेली माती झटकली आणि बहिणीला हात देऊन उठवलं. "चाल," एवढंच म्हणाला.

ताराचंद स्टुडिओत शिरून थेट काउंटरपाशी गेला. "कामिनी, सांग बाई, काय कराचं आहे?"

कामिनीनं सांगितलं. अल्टेराचं शटर गेलं होतं, आणि ते दुरुस्त होण्यासारखं राहिलं नव्हतं. किंग्सलीचं शटर ठणठणीत होतं, पण एकदा पडल्यानं वरची काच तडकली होती, आतला आरसा काळा पडला होता. इतकी वर्षं ताराचंद अंदाजानंच फोटो काढत आला होता. दोघांचा मिळून एकच कॅमेरा होणार होता. कोणाचा, ते मात्र ठरवायला हवं होतं.

"माह्यातलं शटर काढ," ताराचंद म्हणाला. "दादाच्या कॅमेऱ्यात टाक."

त्या घरात त्याच्या तोंडून 'दादा' हा शब्द किती वर्षांनी निघाला होता, ते कोणी मोजलं नाही. पण सुमनवहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"नाई," मधुकरराव म्हणाले. "माह्यातली काच अन् आरसा काढ. त्याच्यात टाक."

"मी सांगतो न, माह्यातलं काढ!"

"मी मोठा आहे का तू? त्याच्यातच टाक!"

"कधी ऐकलं का यानं माहं? कधी?"

"झालं!" सुमनवहिनींनी हातातला ट्रे आपटला. "आता याच्यावरून पुन्हा म्हातारे होईपर्यंत बोलू नका. कामिनी, तुले योग्य वाटंन तसं कर. कोणाचं ऐकू नको. चंदन, तिच्यापाशी दिवा धर."

चंदन उठला आणि दिवा धरून चुलतबहिणीशेजारी उभा राहिला. मघाचं आपलंच बोलणं त्याला लागलं असावं; "हा पेच कुठी ठेवू?" असं तो दोन-तीनदा विनाकारण विचारत राहिला.

अल्टेराचं मागचं झाकण जास्त घट्ट बसत होतं, त्यातून प्रकाश आत शिरण्याची भीती नव्हती. म्हणून कामिनीनं अल्टेराच ठेवायचा ठरवला. किंग्सलीचं भिंग आणि शटर तिनं अख्खंच्या अख्खं उचललं आणि अल्टेराच्या रिकाम्या जागेत बसवलं. ते कुठंही अडलं नाही. पेच फिरवले, बसले. तिनं खटका दाबला. लहानसा, स्वच्छ आवाज झाला, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"कोणती पट्टी लावू?" तिनं विचारलं.

दोघे भाऊ एकदम तोंड उघडणार तेवढ्यात कौशल्या दाराकडं बघत म्हणाली, "ऊन कलून राहिलं. पट्टी नंतर लावा. फोटो काढाचा आहे का नाई?"

पाळीवर सगळे पोहोचले तेव्हा धुकं पार गेलं होतं. मावळतीकडचं ऊन तलावावरून तिरकं येत होतं आणि पलीकडच्या भाताच्या बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे खुंट सोन्यासारखे पेटले होते. कामिनीनं नागपूरहून आणलेलं रीळ भरलं. भावंडांनी उभं राहायचं आणि तिनं फोटो काढायचा असं ठरलं होतं. पण मधुकरराव हात पुढं करून म्हणाले, "एकदा मले पाहू दे."

त्यांनी कॅमेरा पोटाशी धरला, झाकण उघडलं आणि मान खाली घातली. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांची बोटं फिरकी इकडं फिरवत होती, तिकडं फिरवत होती. काचेतला उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. मग बोटं थांबली.

"कौशल्या," ते म्हणाले, "मले सापडून नाई राहिलं काही. तू पाह्य."

तिनं कॅमेरा घेतला. तो आठवणीतल्यापेक्षा जड होता. तिनं खाली पाहिलं आणि तिथं, दुधी काचेत, तलाव होता. पाण्यावर ऊन हलत होतं, पण आवाज कुठलाच नव्हता. झाडं या बाजूची त्या बाजूला गेली होती. ती डावीकडं वळली तर तलावही डावीकडंच वाहून गेला. तिनं लगेच शरीर उलटं वळवलं. विसरलंय असं वाटत होतं, पण पायांना, खांद्यांना सगळं ठाऊक होतं.

"दादा, तू तिथं जाऊन उभा राह्य. ताराचंद, तू त्याच्या बाजूनं."

"अन् तू? तिघांचा काढाचा होता न," मधुकरराव म्हणाले.

"तिघांचा मग कामिनी काढंन. हा मी काढतो."

दोघे उभे राहिले, मध्ये एक म्हैस मावेल एवढं अंतर ठेवून. "जवळ या," कौशल्या म्हणाली. ते थोडं सरकले. "आणखी." मग ताराचंदनं भावाचा दंड धरला; मधुकररावांच्या पायाखालचा दगड हलत होता, तो त्यांना दिसला नव्हता. धरलेला हात त्यानं नंतर सोडला नाही. कौशल्येनं फिरकी फिरवली. धूसर चेहरे हळूहळू काचेतल्या धुक्यातून आले, आधी केस, मग भुवया, मग डोळे. तिनं घाई केली नाही. ते आले तेव्हा तिनं खटका दाबला.

तिघांचा फोटो कामिनीनं काढला, मग चंदनचा, मग वहिनींचा, वहिनी पदर सावरत राहिल्या म्हणून पुन्हा वहिनींचा. सगळं आटोपल्यावर चंदन कॅमेरा पेटीत ठेवू लागला. तो काचेच्या कपाटाबद्दल काहीतरी बोलत होता. कौशल्येनं त्याला थांबवलं.

"हा मले द्या," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले. तिचे कान तापले, पण तिनं हात मागं घेतला नाही. "दोघांचा मिळून झाला, तर दोघंही द्या. कपाटात नाई ठेवाचा मले. आसगावात चालवीन. कामिनी रीळ पाठवंन."

"काय काढशील आत्या?" चंदननं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पाहीन न. काचेत काय येते ते पाहीन आधी."

मधुकररावांनी ताराचंद उभा होता त्या दिशेनं तोंड केलं. ताराचंदनं त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यानंच पेटीचा पट्टा उचलून बहिणीच्या खांद्यावर घातला.

फोटो धुऊन यायला आठवडा लागला. कौशल्या तोवर मोहाडीलाच राहिली. घरी जायची तिला घाई नव्हती. दुपारी पडल्या पडल्या ती कॅमेऱ्याचं झाकण उघडायची आणि छताच्या कवेलूंतून आलेले उन्हाचे कवडसे काचेत फिरताना बघायची. एका दुपारी ती तशीच पडलेली असताना बाहेर मोटारसायकल थांबली. ताराचंद शहापूरहून आला होता, कोणी न बोलावता. हातात पाकीट होतं.

मधुकररावांनी फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला. त्यांच्या लहानशा गोलात अख्खा फोटो मावेना, तसा त्यांनी तो भावाकडं परत दिला. "सांग," ते म्हणाले. "कसा आला?"

ताराचंद त्यांच्या खाटेवर, शेजारी बसला. त्यानं चष्मा पुसून चढवला.

"डावीकडून सांगतो," तो म्हणाला. "डावीकडे पाणी आहे. पाण्यावर ऊन आहे, पण जळलेलं नाई; बारीक बारीक लाटा मोजता येतात. मागं बोरीचं झाड आहे, ते धूसर गेलं, बरं झालं, नाईतर डोक्यातून निघाल्यासारखं दिसतं. तू उभा आहे. उजेड तुह्या या गालावर आहे, इथं." त्यानं भावाच्या गालाला बोट लावलं. "दुसरा गाल सावलीत आहे, पण सावलीतलाही डोळा दिसते. ते सोपं नाई. सदऱ्याचं वरचं बटन तुटलं आहे. मग मी. माहा हात तुह्या दंडावर आहे. माह्या कपाळावर आठ्या आहेत, पण रागाच्या नाईत, उन्हाच्या आहेत."

"अन् हालला का?"

"कुठीच नाई. आपण दोघं एकदम थंड उभे आहो."

मधुकरराव डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या ओठांवर हसू आलं होतं. "एवढं सगळं दिसते तुले एका फोटोत?"

"दिसते."

"पहिल्यापासून दिसे?"

ताराचंदनं चष्मा वर सारला. "दिसत होतं," तो म्हणाला.

"अन् कौशल्या कुठी आहे याच्यात?"

"ती नाई याच्यात. पण आपण दोघं तिच्याचकडे पाहून राहिलो न."

दाराच्या चौकटीला टेकून कौशल्या उभी होती. बाहेर चक्की सुरू झाली, तिचा घरघराट सावकाश खोलीभर पसरला.

"पुन्हा सांग," मधुकरराव म्हणाले.

ताराचंदनं फोटो गुडघ्यावर नीट ठेवला आणि पुन्हा डावीकडून सुरुवात केली.